खाद्यगृहांचे सांडपाणी : जागेवरची प्रक्रिया (भोपाळ)

छोटी हॉटेले, मिठाईची दुकाने आणि ढाबे यांच्या मोरीतले पाणी गटारात किंवा जमिनीत सोडण्याआधी तिथल्या तिथे शुद्ध करण्याची व्यवस्था. भोपाळमध्ये हा प्रश्न तलावांशी बांधलेला आहे. राजा भोजाच्या काळाशी, म्हणजे ११ व्या शतकाशी, जोडला जाणारा मोठा तलाव आजही शहराला पिण्याचे पाणी देतो. मोठा आणि छोटा तलाव मिळून झालेली भोज पाणथळ २००२ मध्ये रामसर यादीत आली. मोठ्या तलावाला सीहोरकडून येणाऱ्या कोलांस नदीचे पाणी मिळते, तेव्हा तिकडच्या एखाद्या ढाब्याची मोरीही या हिशेबात धरावी लागते.

पहिली पायरी तेल-सापळ्याची (ग्रीस ट्रॅप). पाणी टाकीत संथ झाले की तेल वर तरंगते, खरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी बुडीच्या नळीने पुढे जाते. आकार ठरवताना दिवसभराचे पाणी मोजणे ही नेहमीची चूक. पोह्यांच्या हॉटेलात गर्दी सकाळच्या दोन-तीन तासांत उसळते, म्हणून ऐन गर्दीतला प्रवाह धरायचा. मिनिटाला १० लिटर पाणी ३० मिनिटे थांबवायचे तर ३०० लिटर मावायला हवेत; तेल व गाळाची जागा निराळी. जानेवारीच्या पहाटे झाकण उचलले तर वर वनस्पती तुपाची पांढरी, बोटाने दाबल्यास खळगा पडणारी साय दिसते. त्यावर कढईचे उकळते पाणी ओतले की ती वितळून थेट गटारात जाते आणि पुढच्या वळणावर पुन्हा थिजते. शौचालयाचे पाणी सापळ्यात कधीच जोडू नये.

जिलेबीच्या पाकापुढे मात्र सापळा आंधळा. साखर पाण्यात विरघळते, तरंगत नाही. एक किलो साखर पूर्ण कुजायला सुमारे १.१ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे स्वच्छ पाण्याच्या जवळपास १ लाख ४० हजार लिटरांत विरघळलेला. पाकाची कढई आधी खरवडून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच सर्वांत कमी केला जातो. उरलेल्या विद्राव्य मळासाठी जागा असेल तर आडभिंतींची, ऑक्सिजनविना मळ कुजवणारी टाकी आणि पुढे खडीत लावलेला वनस्पतींचा वाफा करतात. जुन्या बाजारात तेवढी जागा मिळत नाही. तिथे सापळा आणि मग सार्वजनिक गटार. काळ्या मातीत शोषखड्ड्यावर विसंबू नये : पावसाळ्यात माती फुगते, मुरणे थांबते आणि खड्डा तुंबतो.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार तेल-वंगणाची मर्यादा सार्वजनिक गटारासाठी लिटरमागे २० मिलिग्रॅम, तर नदी-तलावासाठी १० मिलिग्रॅम आहे. सापळ्याच्या खोलीचा चौथा हिस्सा तेल-गाळाने भरला की उपसा करतात. तो गाळ दुकानामागच्या नाल्यात ओतला तर सगळा खटाटोप फुकट. झाकण एका माणसाला उचलता यावे, आणि त्यावर गॅसची टाकी ठेवायचा मोह होणार नाही अशा जागी असावे.