उजेड कुणाला, धूर कुणाला?

आपल्याकडे विजेचा इतिहास अभियंत्यांचा आणि भांडवलदारांचा म्हणून सांगितला जातो. बाबासाहेबांचे नाव त्यात क्वचितच येते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि वीज या खात्याच्या अखत्यारीत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे त्यांनी मांडलेली भूमिका स्पष्ट होती : स्वस्त आणि मुबलक विजेवाचून उद्योगीकरण नाही, आणि उद्योगीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही. वीज त्यांच्या लेखी चैन नव्हती, मुक्तीचे साधन होती.

पुढे वीज आली. पण गावात आलेला दिवा आमच्या वस्तीच्या अलीकडे बरीच वर्षे थांबला, हे माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिले. धूर मात्र कुठेच थांबला नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. येथे जळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे. चिमणीतून गंधकाचे वायू आणि बारीक राख बाहेर पडते, ती श्वासावाटे छातीत उतरते. खाणी आणि कारखान्यांची त्यात भर. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित ठरवले. वीज तारांवरून दूरच्या शहरांत जाते. राख मात्र ज्याला घर बदलणे परवडत नाही त्याच्या अंगणात पडते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली.

म्हणून सूर्य आणि वाऱ्यापासून मिळणाऱ्या विजेचे स्वागत आपण केलेच पाहिजे. तिला धूर नाही. पण तिला जमीन लागते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले, ते पडीक आणि सरकारी जमिनींसाठीच. आज सौर प्रकल्पांसाठी शासन सरकारी जमिनी, गायराने शोधत आहे. ज्या गायरानावर भूमिहीनाची चूल पेटते, तेथे आरसे मांडताना त्याला विचारणार कोण? सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याला मोबदला कसला?

कोळसा जाऊन सूर्य येईल. त्याने हवा सुधारेल, वाटणी आपोआप सुधारणार नाही. बाबासाहेबांनी वीज दारिद्र्याच्या प्रश्नाशी जोडली होती. तो धागा आपण सोडता कामा नये.