क्लॅथ्रिन : पेशीच्या दारातली जाळी

लॅटिनमध्ये गजांच्या जाळीला ‘क्लॅथ्री’ म्हणत. केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळं काढलं आणि १९७६ मध्ये त्याचं बारसं केलं : क्लॅथ्रिन. शास्त्रीय नावं सहसा इतकी सरळ नसतात. या प्रथिनाचे तीन तंगड्यांचे रेणू एकमेकांत गुंफले की पंचकोन-षटकोनांची जाळी विणली जाते, थेट फुटबॉलच्या शिवणीसारखी.

ही जाळी पेशीपटलाला आतून लागते. बाहेरच्या अंगाला असतात रिसेप्टर, आणि त्यांची आवडनिवड ठरलेली. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण आपापल्या रिसेप्टरला चिकटले की तिथलं पटल आत खोलगट होतं, त्याची पिशवी बनते आणि ती तुटून पेशीत शिरते. जाळी लगेच सुटी होते, पुढच्या खेपेसाठी.

१९८५ च्या नोबेलचे मानकरी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी डॅलसमध्ये एका रुग्णाच्या पेशी तपासल्या, तेव्हा भलताच प्रकार दिसला. रिसेप्टर एलडीएल पकडत होते, पण आत नेत नव्हते! कारण निघालं त्यांच्या आतल्या शेपटात : टायरोसीनच्या जागी सिस्टीन. एका अमिनो आम्लाच्या या अदलाबदलीमुळे ते जाळीपाशी जमतच नव्हते, आणि कोलेस्टेरॉल रक्तात साचत होतं.