ऐच्छिक नोंदणी आणि कलम 69

माल गेला, बिल थकलं, नोटिशीलाही उत्तर नाही. वैतागून दोघे भागीदार वकिलाकडे गेले की वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘फर्म रजिस्टर्ड आहे ना?’ या प्रश्नामागे 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याचं कलम 69 आहे.

त्याआधी भागीदारीचे नियम 1872 च्या करार कायद्यातल्या 11 व्या प्रकरणात होते आणि फर्म नोंदवण्याची भानगड नव्हती. पेढी चालायची शब्दावर, वहीवर, फार तर स्टँपपेपरवरच्या भागीदारीपत्रावर. अडचण व्हायची ती धनकोची. पेढीत नेमके भागीदार कोण, हे त्यानेच सिद्ध करायचं!

नव्या कायद्याचा मसुदा तपासणाऱ्या विशेष समितीत मुंबईचे सर दिनशा मुल्ला होते. सॉलिसिटर म्हणून सुरुवात केलेल्या आणि करार कायद्यावर पोलॉक यांच्यासोबत ग्रंथ लिहिलेल्या मुल्लांना पेढ्यांचे व्यवहार काही नवे नव्हते. लहान, अल्पकाळाच्या धंद्यांवर ओझं नको म्हणून नोंदणी ऐच्छिक ठेवली गेली. पण न नोंदवलेल्या फर्मला धंद्यातल्या कराराच्या जोरावर बाहेरच्यावर दावा लावता येणार नाही. बाहेरच्याने मात्र फर्मला खुशाल कोर्टात खेचावं. सक्ती नाही म्हणायचं आणि नाक दाबायचं, असा हा प्रकार. कायदा 1 ऑक्टोबर 1932 ला लागू झाला. कलम 69 ला मात्र एक वर्षाची सवलत मिळाली.

नोंदणी महाग होती असंही नाही. फी जास्तीत जास्त 3 रुपये. फर्मचं नाव, धंद्याची जागा, कोण कधी भागीदार झाला, प्रत्येकाचा कायमचा पत्ता आणि सगळ्यांच्या सह्या, एवढंच. फर्मच्या नावात ‘एम्परर’ किंवा ‘रॉयल’ हवं असेल तर तेवढी सरकारची परवानगी लागे.

पुढे वाद झाला तो या कलमाची हद्द कुठवर, यावर. ‘हल्दीराम भुजियावाला’ या नावाच्या भांडणात दावा लावला तेव्हा वादी फर्म नोंदवलेली नव्हती. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपलं व्यापारी नाव राखण्याचा हक्क प्रतिवादीशी केलेल्या करारातून येत नाही, तेव्हा दावा चालेल.

महाराष्ट्राने तर 1984 मध्ये दोरी आणखी आवळली होती. नोंदणी नसेल तर भागीदाराला फर्म मोडण्यासाठी किंवा हिशेब मागण्यासाठीही कोर्टात जाता येईना. एकाने सगळी मालमत्ता दाबून ठेवली तरी दुसऱ्याने हात चोळत बसायचं! ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

थकलेल्या बिलांची गोष्ट वेगळी. दावा दाखल झाल्यावर धावपळ करून फर्म नोंदवली तरी तो दावा वाचत नाही. नव्याने लावावा लागतो, तोही मुदतीत, म्हणजे उधारीच्या बाबतीत सहसा 3 वर्षांच्या आत.