मिठी पाठवायची कशी?

आजचा एपिसोड जरा घरगुती कारणातून सुचलाय.

लग्नानंतर चारच महिन्यांत बायको दोन वर्षांसाठी म्युनिकला गेली. आमच्या घड्याळांत एक सोय होती. स्क्रीनवर दोन बोटं ठेवली, की आपल्या हृदयाचे ठोके समोरच्याच्या मनगटावर धडधडायचे. पहिल्या रात्री माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात मात्र मीटिंगमध्ये असताना मी ते नोटिफिकेशनसारखं झटकून टाकलं. ठोके तर खरेच होते. मग बिनसलं काय? हे शोधता शोधता मी थेट १९५०च्या दशकात पोचलो.

शिकागोजवळच्या आरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत रेमंड गोर्ट्झ नावाचे इंजिनिअर होते. किरणोत्सारी पदार्थ भिंतीपलीकडे ठेवून हाताळायचे कसे, हा त्यांचा प्रश्न. अलीकडे माणसाने हँडल हलवलं, की पलीकडचा यांत्रिक हात तसाच हलायचा. १९५४ साली त्यांनी हे दोन हात विजेच्या संदेशांनी जोडले. खरी गंमत पुढे आहे. पलीकडचा हात कशाला अडला, की तो अडथळा अलीकडच्या हाताला जाणवायचा. म्हणजे स्पर्श जायचा आणि परतही यायचा.

त्याच काळात व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रँक गेल्डार्ड दुसऱ्या वाटेने गेले. त्यांनी छातीवर ५ कंपक बांधले. जागा ५, जोर ३ प्रकारचा, कालावधी ३ प्रकारचा. गुणाकार करा, झाल्या ४५ खुणा! १९५७ साली त्यांनी ही भाषा मांडली, नाव 'व्हायब्रटीज'. सराव झालेला माणूस मिनिटाला ३८ शब्द चक्क कातडीने वाचायचा. भन्नाटच, पण हा स्पर्श नव्हता, ही लिपी होती.

आपला फोन, आपलं घड्याळ हे गेल्डार्ड यांचे वारसदार. 'क्यूटसर्किट'चा 'हग शर्ट'सुद्धा बराचसा त्याच घराण्यातला. एकाने स्वतःला मिठी मारायची, सेन्सरनी ती मोजायची, दुसऱ्याच्या शर्टात ती जाणवायची. २००६ साली 'टाइम'ने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याला घेतलं.

गोर्ट्झ यांची वाट अवघड. २००२ साली एमआयटी आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या दोघांनी अटलांटिकच्या दोन टोकांवरून एक आभासी ठोकळा मिळून उचलला, एकमेकांचा जोर अनुभवत. पण इथे वेळेचा घोळ होतो. व्हिडिओला सेकंदाला ३० चित्रं पुरतात, कडक वस्तूचा भास द्यायला साधारण १००० वेळा हिशेब लागतो. पुणे ते म्युनिक सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सरळ केबल टाकली तरी जाऊन यायला ६५ मिलिसेकंद. तेवढ्यात तुमचा हात 'भिंतीच्या' आत गेलेला असतो! इथे कितीही चांगला कोड लिहा, प्रकाशाचा वेग काही वाढत नाही.

तेव्हा लक्षात आलं. मिठीत आपण दाबतो, समोरचा सैल होतो, मग आपणही. माझ्या मनगटावर नुसताच निरोप येत होता, उत्तर द्यायला जागाच नव्हती.

मग आम्ही नाद सोडला आणि गेल्डार्ड यांचं ऐकलं. दोन टिचक्या म्हणजे 'घरी पोचले', तीन म्हणजे 'जेवलास का?' हे मात्र दोन वर्षं टिकलं. लिपीकडून मिठीची अपेक्षा धरली नाही, तर लिपी फार कामाची असते.

तुमच्याही अशा खुणा असतील तर कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!