कबरीतले मडके



पूनम सागरमधील आपल्या घरी लोणच्याची बरणी असेल, तर तिच्या अंगावरून एकदा बोट फिरवून पाहा. काचेसारखा जो गुळगुळीत थर लागतो त्याला झिलई म्हणतात. मातीचे भांडे पाझरते. झिलई चढली की पाझर थांबतो. रोमन कुंभार ही झिलई शिशाच्या साहाय्याने करीत. शिशामुळे वाळूची काच कमी उष्णतेत वितळते. तांब्याने तिला हिरवा रंग येतो, लोहाने पिवळा-तपकिरी. इसवी सनाच्या चौथ्या शतकात डॅन्यूब नदीकाठच्या रोमन प्रांतांत, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूस, अशी झिलईदार भांडी मृतांच्या शेजारी ठेवलेली सापडतात.

आपल्याकडे कबरीत मय्यतीबरोबर कफनाखेरीज काही ठेवीत नाहीत, म्हणून आपणांस याचे नवल वाटेल. पण हा रिवाज केवळ रोमनांचा नव्हता. आपल्या महाराष्ट्रात तो त्यांच्याही हजार-दीड हजार वर्षे आधी होता. प्रवरेकाठच्या नेवाशाला आणि घोड नदीकाठच्या इनामगावला शेतकरी आपली दगावलेली मुले घराच्या जमिनीखालीच पुरीत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत ते मूल, आणि जवळ वाडगे, तोटीची भांडी. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तर तांब्याच्या मण्यांची माळ होती. इनामगावच्या दफनांत बहुसंख्य मुलेच आहेत. त्यांचे डोके उत्तरेस असे. आपल्याकडील कबरींतही डोके उत्तरेस असते. परंतु दिशा सारखी म्हणून अर्थही सारखा, असे मात्र समजू नये. त्यांच्या मनात काय होते ते कोणी लिहून ठेवलेले नाही. आईने उशाशी वाडगा ठेवला, एवढे मडके सांगते.

नेवाशाच्या त्याच टेकाडात, या रांजणांच्या कितीतरी वरच्या थरात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कुंभांच्या खापऱ्या मिळाल्या. हे कुंभ दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे. त्यांतून मद्य येई. गंमत अशी, की त्यांना झिलई नसे. पाझरू नये म्हणून आतून राळ फाशीत. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात सोपारा आणि कल्याण ही बंदरे नोंदलेली आहेत. सोपारा म्हणजे आपल्या खाडीपलीकडचे नालासोपारा! अशा बंदरांतून घाट चढून माल नेवाशापर्यंत पोचत असे. अगदी वरच्या, मुस्लिम-मराठा काळच्या थरात काचेच्या रंगीत बांगड्या होत्या.

हे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1954 ते 1956 या काळात केले. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालावर चौघांची नावे आहेत. त्यांत ह. धी. सांकलियांबरोबर झेड. डी. अन्सारी हे नाव आहे. पुढे इनामगावच्या अहवालावरही ते आहे. मुलगा इतिहास घेतो म्हणाला की आपण पालक कपाळाला हात लावतो (मीही लावला आहे), म्हणून हे नाव मुद्दाम सांगितले.

पुण्यास जाणे झाले तर येरवड्याला डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा, आणि तेथील खापऱ्यांसमोर घाई करू नका.