मेहरूण तलावाची फेरी

आपल्या सोसायटीत पहिली बिऱ्हाडं राहायला आली, तेव्हा पहाटे पाचला गेटबाहेर दोनच माणसं दिसायची. एक दूधवाला आणि दुसरा मी. पाणी, पार्किंग, कंपाउंड यांचा इतिहास कार्यकारिणीने स्मरणिकेत लिहिलाच आहे. मी पहाटेचा लिहितो.

चालणं खान्देशाला नवीन नाही. मुक्ताईची पालखी इथून पंढरपूरला जाते, चैत्रात माणसं सप्तशृंगीला पायी निघतात. पण कुठे पोचायचं नाही, कामही काही नाही, तरी धावायचं, हे आपल्याकडे खूपच उशिरा आलं. परदेशातही ते फार जुनं नाही. १९६२ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाच्या कोचने ऑकलंडच्या साध्यासुध्या नोकरदारांना हळूहळू धावायला लावलं. ते बघायला अमेरिकेतून बिल बॉवरमन गेले. ते स्वतः पट्टीचे कोच, पण सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक आजोबा त्यांच्या पुढे निघून गेले म्हणे! परतल्यावर त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञासोबत ‘जॉगिंग’ नावाचं पुस्तक काढलं, १९६७ मध्ये. पुढे सगळ्या अमेरिकेला ते वेड लागलं.

आमच्या धुळ्यात ते वेड पोचलं नव्हतं. १९८६ मध्ये मी तिथल्या शाखेत होतो. आग्रा रोडने लळिंगच्या बाजूला पहाटे पळायची ती पोलीस भरतीची पोरं. मी जरा झपाझप चाललो तरी कोणीतरी विचारायचं, ‘‘साहेब, कथा पळी राहिनात?’’

त्याच वर्षी सोल एशियाडमध्ये पी. टी. उषाने चार सुवर्णपदकं आणि एक रौप्य मिळवलं. माझी मुलगी तेव्हा सातवीत. पेपरातला फोटो कापून तिने दप्तरात ठेवला आणि म्हणाली, ‘‘बाबा, उद्या मला पण आग्रा रोडला न्या ना. मी पळेन.’’ मी म्हटलं, ‘‘मुलीच्या जातीने रस्त्यावर पळायचं? लोक काय म्हणतील?’’ तिने पुन्हा कधी विचारलं नाही. गच्चीवर दोरीउड्या मारायची. व्हाउचरवरची एक पैशाची चूक शोधणारा मी, पण ही चूक ध्यानात यायला फार वर्षं लागली.

जळगावला आलो, डॉक्टरांनी साखर सांगितली आणि मेहरूण तलाव धरला. तेव्हा तलावाकडे माणसं जायची ती बोरांसाठी, नाहीतर गणपती विसर्जनाला. पायवाट मातीची, बाभळीचे काटे चपलेत घुसायचे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणारं आपलं गाव, त्यामुळे उजाडायच्या आत फेरी आटपायची.

मग आपल्या बी विंगमधल्या तिघी यायला लागल्या. साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. तिघी असल्या तरच यायच्या, एक नसली की दोघीही घरी. पुढे तलावाभोवती ट्रॅक झाला, वर्दळ वाढली आणि मग एकेकट्याही दिसू लागल्या. जळगाव रनर्स ग्रुपची ‘खान्देश रन’ सुरू झाल्यावर तर तिचे टी-शर्ट आपल्या दोरीवर वाळताना दिसतात.

एक तक्रार मात्र नोंदवतो. अमेरिकेत यूजीन गावी प्रीफाँटेन या धावपटूच्या नावाचा १९७५ चा ट्रॅक आहे, त्यावर लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या असतात, गुडघ्यांना मऊ. आपल्याकडे सुधारणा म्हटली की सिमेंट नाहीतर पेव्हर ब्लॉक. शेजारी मातीची एक पट्टी सोडायला काय जातं?

मागच्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली. पन्नाशी उलटलीय तिची. बूट घेऊनच आली होती. पहाटे दोघं तलावावर गेलो. मी अर्ध्यातच कठड्यावर टेकलो, ती पूर्ण फेरी मारून आली. घाम पुसत म्हणाली, ‘‘आग्रा रोड राहिलाच, बाबा.’’

मी म्हटलं, ‘‘रविवारी जाऊ धुळ्याला.’’

‘‘आता तो हायवे झालाय. ट्रकमध्ये कुठे पळू?’’ असं म्हणून हसली आणि हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. ‘‘दुसऱ्या फेरीची वेळ लावा.’’

मी वेळ लावून बसलो.