ड्युरँडचा अंतिम सामना : १२ डिसेंबर १९४०

१९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, ही हकिकत फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असते. बहुतेक अनवाणी पोरांनी गोऱ्यांना नमवले, हे कोण विसरेल? त्या वेळी कलकत्त्याच्या 'द मुसलमान' या पत्राने मुस्लिमांनाही झालेल्या आनंदाची आवर्जून नोंद केली होती. पण १२ डिसेंबर १९४० रोजी दिल्लीत काय झाले असे विचारले, तर आम्हा मराठी मुसलमानांच्या घरांतही सहसा उत्तर मिळत नाही.

त्या दिवशी ड्युरँड चषकाचा अंतिम सामना होता. ही बाद पद्धतीची स्पर्धा १८८८ साली सिमल्याकडे सुरू झाली. सर मॉर्टिमर ड्युरँड हे तिचे जनक. अफगाण सरहद्दीवरची 'ड्युरँड रेषा'ही त्यांच्याच नावाची. स्पर्धा लष्कराची, तेव्हा चषक फिरायचा तो एका गोऱ्या पलटणीकडून दुसऱ्या गोऱ्या पलटणीकडे. बावन्न वर्षांत एकाही भारतीय संघाच्या हाती तो लागला नव्हता. १९४० साली स्पर्धा सिमल्याहून दिल्लीला आली आणि अंतिम फेरीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटसमोर उभा राहिला कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब.

हा संघ काही अचानक उगवलेला नव्हता. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने कलकत्ता लीग जिंकली होती. पावसाळी चिखलात अनवाणी खेळण्याचा हट्ट सोडून त्याचे खेळाडू बूट घालून उतरू लागले, हे त्यामागचे एक साधे कारण. दुसरे म्हणजे खेळाडू बंगालपुरते नव्हते. बंगलोरपासून सरहद्दीपर्यंतची मुले त्यात होती. त्याच १९४० साली मुंबईत रोव्हर्स चषकही मोहमेडनने बंगलोर मुस्लिम्सला हरवून नेला. म्हणजे मुंबईकरांनी त्या वर्षी अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना भारतीय संघ पाहिले.

दिल्लीत सामना झाला आयर्विन ॲम्फिथिएटरमध्ये, म्हणजे आजच्या ध्यानचंद स्टेडियममध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो हजर होते. शिट्टी होती कॅप्टन हरनाम सिंग यांच्याकडे; ड्युरँडच्या अंतिम सामन्यात प्रथमच भारतीय पंच उभा होता. हाफिज रशीद आणि साबू यांनी गोल केले आणि मोहमेडनने २-१ असा विजय मिळवला. गोऱ्या पलटणींचा चषक गोऱ्या पलटणीला हरवून, खुद्द व्हाइसरॉयच्या डोळ्यांदेखत घेतला गेला, आणि तोही युद्ध चालू असताना, शिखाच्या शिट्टीवर!

मग हा सामना १९११ च्या पंक्तीला का बसला नाही? आम्हाला वाटते, याचे उत्तर त्या वर्षात आहे. मार्चमध्ये लाहोरचा ठराव झाला होता. क्लबच्या कारभारात मुस्लिम लीगची माणसे होती, हेही लपवण्याचे कारण नाही. ऑक्टोबरात विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पाठोपाठ काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले. त्याच डिसेंबरात वर्ध्याला भेटायला आलेल्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींना गांधीजींनी स्पष्ट सांगितले, की धर्मावर संघ पाडणारे मुंबईचे पंचरंगी क्रिकेट आपल्याला पसंत नाही. गांधीजींचे म्हणणे आम्हाला पटते. धर्माच्या नावाचा संघ मैदानात उतरला की प्रेक्षकही धर्मानेच बसतात. कलकत्त्याच्या लीगमध्ये ते वैर वाढलेही.

पण दिल्लीत समोर हिंदू संघ नव्हता, साम्राज्य होते. पंचरंगीचे माप या सामन्याला लावणे आम्हाला अन्यायाचे वाटते. १९११ चा संघही बहुतेक एकाच धर्माचा होता. त्यामुळे त्याचा विजय 'हिंदूंचा' ठरला नाही, देशाचा ठरला, आणि तेच योग्य झाले. १९४० च्या विजयाला मात्र ही सवलत मिळाली नाही. इकडच्या इतिहासाला त्यात लीग दिसली. तिकडच्या इतिहासालाही तो पुरता आपला म्हणता आला नाही, कारण फाळणीनंतर क्लब ढाक्याला किंवा कराचीला गेला नाही, कलकत्त्यातच राहिला.

युद्ध आणि फाळणी यांत स्पर्धा थांबली ती १९५० पर्यंत. मोहमेडनला हा चषक पुन्हा मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. मैदान दिल्लीचेच, पण आंबेडकर स्टेडियम. संघात आता सर्व धर्मांचे खेळाडू होते, परदेशीही होते. निकाल पुन्हा २-१. या वेळी हरला तो ओएनजीसीचा संघ, आपल्या मुंबईचा.